तुम्ही फक्त सांगा

त्या बुधवारी वडिलांनी तिला एवढंच विचारलं होतं, की कसं झालंय. आणि तिने सांगितलं होतं, की तिसऱ्या खणाची मूठ अर्धा सूत वर बसलीय.

दिवस अगदी साधा होता. ती एका छापखान्यात प्रुफं तपासायची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा तिला पगार मिळायचा. दुपारी सुटली की घरी जाण्याआधी वडिलांच्या सुतारखान्यात डोकावायची. लांबट गाळा, दोन बाकं, एक करवतीचं यंत्र आणि ज्यांच्यावाचून वडिलांना स्वतःची पटाशीसुद्धा सापडत नसे असे एक मिस्त्री. भुसा सगळीकडे, चहाच्या कपातही. मधोमध दातांच्या डॉक्टरांचं कपाट उभं होतं, अवजारं ठेवायचं, बारा खणांचं. नऊ खण बसले होते, तीन राहिले होते, त्यांच्या जागा तात्पुरत्या फळ्या ठोकून बंद केल्या होत्या.

"बघ हां," असं म्हणून वडिलांनी पाचवा खण हळूच आत ढकलला. तो मिटला, तसा शेजारचा सहावा आपणहून बोटभर बाहेर आला, कोण आलंय ते बघायला आल्यासारखा. सहावा मिटला, तर चौथा बाहेर. वडिलांनी तीनचार वेळा हा खेळ केला. खण इतका नेमका बसला की मागच्या हवेला सुटायला फट राहत नाही, मग ती शेजाऱ्याला बाहेर काढते, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग विचारलं, "कसं झालंय?"

यावर तिने मुठीचं सांगितलं. वडिलांनी टेप लावून पाहिली. मूठ खरंच अर्धा सूत, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर, वर होती. ते मनापासून हसले आणि मिस्त्रींना म्हणाले, "आली आमची तपासनीसबाई." हे नाव तिला सातव्या वर्षी मिळालं होतं. वडिलांनी तिच्यासाठी केलेल्या छोट्या टेबलाखाली शिरून तिने एक पाय आखूड असल्याचं शोधून काढलं होतं, तेव्हा.

मग तिने पिशवीतून कराराचा सातवा मसुदा काढून बाकावर ठेवला.

या कराराचा इतिहास सांगायलाच हवा. सुतारखान्याच्या पाटीवर वडिलांनी स्वतःच्या हाताने एक वाक्य रंगवलं होतं: ‘तुम्ही फक्त सांगा.’ गिऱ्हाइकं ते शब्दशः घ्यायची. कपड्यांचं कपाट सांगून जायची, ते निम्मं झालं की येऊन सांगायची, की यात शिवणयंत्रही बसलं पाहिजे. शिवणयंत्र बसलं, की खालच्या अंगाला मांजरासाठी काही करता आलं तर बघा म्हणायची. वडील प्रत्येकाला "होऊन जाईल" म्हणायचे, आणि आश्चर्य म्हणजे ते होऊनही जायचं. फक्त कधी, किती आणि कशाच्या बदल्यात, हे कुणालाच माहीत नसायचं.

म्हणून ती गेली सहा वर्षं त्यांना दर वर्षी एक करार लिहून द्यायची. एकाच पानाचा, छापखान्यातल्या जाड पांढऱ्या कागदावर, सुबक टाईप करून, चांगल्या बऱ्याच प्रती. पहिलं कलम, काम कुणाचं आणि कुणासाठी. दुसरं कलम तिच्या विशेष लाडकं होतं: ‘काम म्हणजे सोबतच्या चित्रात दाखवलेलं, तेवढंच. त्यापलीकडचं काम दोघांनी वेगळं लिहून ठरवल्याशिवाय धरलं जाणार नाही.’ तिसऱ्यात मुदत, चौथ्यात भांडण झालं तर काय. दर वर्षी वडील तो हातात घेऊन दोन बोटांत चोळून पाहायचे आणि म्हणायचे, "कागद मात्र झकास आहे."

त्यांना लिखापढीचं वावडं होतं असं नाही. एकदा चपलांची मांडणी एका प्राध्यापकांकडे गेली आणि प्राध्यापकांची पुस्तकांची मांडणी चपलांच्या घरी. प्राध्यापकांनी महिनाभर पुस्तकं तिरकी लावली, तक्रार केली नाही, त्यांना ती नवी पद्धत वाटली. तेव्हापासून वडील गिऱ्हाइकासमोर कामाचं चित्र काढायचे, त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यायचे. "करार वगैरे काही नको, हे चित्र तुमचंच ना, एवढंच लिहून द्या," म्हणायचे. मग चित्र भिंतीवरच्या मोठ्या खिळ्याला खोचायचे.

त्या बुधवारी तिने सातवा मसुदा दिला आणि डॉक्टरांची सही या वेळी तरी घ्या म्हणून बजावलं. वडील म्हणाले, "ठेव तिथे." ती घरी गेली.

गुरुवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

त्यानंतरचे पंधरा दिवस या गोष्टीत नाहीत. सोळाव्या दिवशी फोन वाजला, तिथून गोष्ट पुढे चालू होते.

फोन दातांच्या डॉक्टरांचा होता. त्यांनी दोन वाक्यांत दुःख व्यक्त केलं, अगदी नीट आणि मनापासून. तिसऱ्या वाक्यात विचारलं, की नवा दवाखाना एक तारखेला उघडतोय, तर वेटिंग रूमची बाकं, काउंटर, चपलांची मांडणी आणि मगर कधीपर्यंत येतील.

"मगर?" तिने विचारलं.

लाकडी मगर, डॉक्टर म्हणाले. लहान मुलांसाठी. जबडा उघडा असलेली, म्हणजे मुलं तिचं बघून तोंड उघडतील. तुमच्या वडिलांशी सगळं बोलणं झालं होतं, ते म्हणाले होते, होऊन जाईल.

ते असं म्हणाले असतील याबद्दल तिला कणभरही शंका नव्हती. हीच तर अडचण होती.

तिने मिस्त्रींना विचारलं, मालकांनी नक्की काय काय कबूल केलं होतं? मिस्त्री म्हणाले, "मालकांचं सगळं डोक्यात असायचं." चित्र नुसतं मापांपुरतं, असं म्हणून ते पटाशीला धार लावायला बसले.

संध्याकाळी आईने दोघांना समोर बसवलं. आई कमी बोलते, आणि बोलली की दुसऱ्याला बोलायला फारसं शिल्लक ठेवत नाही. गाळ्याचे मालक किल्ली मागत होते, त्यांना गाळा दुसऱ्याला द्यायचा होता. "यांनी हातात घेतलेलं शेवटचं काम आहे," आई म्हणाली. "ते अर्धवट टाकून मी किल्ली देणार नाही. एक तारखेला नीट पार पडलं, तर दुकान ठेवू. नाही पडलं, तर किल्ली दिली आणि विषय संपला. मिस्त्री, तुमचं काय म्हणणं?"

मिस्त्रींनी मान डोलावली. ते एकतीस वर्षं तिथे होते. त्यांच्या पुतण्याने एका इमारतीच्या फाटकावर रखवालदाराची जागा बघून ठेवली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

तिने छापखान्यातून तीन आठवड्यांची रजा घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतारखान्याचं दार उघडताना तिला धास्ती वाटत होती, पण खरं सांगायचं तर त्यात थोडी मजाही होती. आजवर तिने लोकांच्या कामाच्या फक्त चुका दुरुस्त केल्या होत्या. आता चुका करायची पाळी तिची होती.

पहिली चूक केली ती शेजारच्या काकांना विचारायची. काका नोंदणी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि प्रत्येक गोष्टीला परिशिष्ट जोडायची त्यांना सवय होती, म्हणून गल्ली त्यांना परिशिष्टकाका म्हणायची. घरी आलेल्या निमंत्रणपत्रिकेलाही ते खाली पेन्सिलीने ‘अटी लागू’ लिहायचे, असं काकू सांगत. तिने त्यांना आपला एका पानाचा करार दाखवला. काकांनी तो एकदा वाचला आणि दयेने तिच्याकडे पाहिलं.

"पोरी, यात ‘कपाट’ म्हणजे काय ते कुठे लिहिलंय?"

तिला वाटलं होतं, की कपाट म्हणजे काय हे डॉक्टरांना माहीत असावं. काका म्हणाले, कोर्टात काही माहीत नसतं. मग त्यांनी व्याख्या घातली: ‘कपाट म्हणजे उभी, बंदिस्त, दारासह वा दाराविना असलेली लाकडी वस्तू, जिच्यात कोणीही माणूस राहत नाही.’ त्यानंतर दार, मूठ, बिजागरी, गिऱ्हाईक आणि मगर यांच्या व्याख्या आल्या. भूकंप, पूर, दंगल आणि वाळवी यांची वेगवेगळी कलमं झाली. वाळवीला काकांनी तीन पोटकलमं दिली, कारण त्यांच्या स्वतःच्या दिवाणाला ती लागली होती. मतभेद झाल्यास निवाडा करायला एक निःपक्षपाती व्यक्ती नेमायची होती, तिथे काकांनी विनयाने आपलं नाव घातलं. तिसऱ्या दिवशी करार एकोणीस पानांचा झाला, त्यातली सहा परिशिष्टं.

आता तिने खरं तर थांबायला हवं होतं. पण जन्मभर इतरांचा मजकूर तपासणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावाचा एकोणीस पानी मजकूर हातात आला की काय होतं, हे ज्याचं त्याला माहीत. रात्री तो उशाशी ठेवून ती झोपली.

सकाळी उठून ती कचेरीत गेली, कारण काका म्हणाले होते, की दुकानाची नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. खिडकीतल्या बाईंनी कागद चाळला आणि म्हणाल्या, अर्जावर मालकाची सही हवी. तिने सांगितलं, की मालक वडील होते आणि ते आता नाहीत, म्हणूनच नाव बदलायचं आहे. बाई म्हणाल्या, नाव बदलायला आधीच्या मालकाची संमती लागते.

"ते नाहीत," ती पुन्हा म्हणाली.

"आज नसतील तर उद्या घेऊन या," बाई म्हणाल्या. मागच्या माणसाने पुढे सरकायला सुरुवात केली होती. तिने फक्त हसून मान डोलावली आणि बाहेर पायरीवर येऊन बसली. थोड्या वेळाने पुन्हा आत जाऊन दुसऱ्या रांगेत उभी राहिली. तिथले गृहस्थ चांगले होते. त्यांनी मृत्यूचा दाखला घेतला, शिक्का मारला आणि विचारलं, दुकान पुढे कोण चालवणार? तिने ठसक्यात सांगितलं, मी. दुकान आपण चालवणार, हे तिलाही तेव्हाच कळलं.

इकडे डॉक्टरांचं सांगणं चालूच होतं. बाकांना हात हवेत. दोन दिवसांनी हात नकोत, लोक अडकतात. काउंटर गोल करा. गोल केल्यावर डॉक्टरांच्या पत्नी येऊन म्हणाल्या, की त्यांना तो चौकोनीच बरा वाटला होता, पण आता असू द्या, एक बाजू तरी चौकोनी करा. मिस्त्री दर वेळी मोडून पुन्हा करायचे. तिला ‘आता पुरे’ म्हणता येत नव्हतं, कारण डोक्यावर पाटी होती: तुम्ही फक्त सांगा.

मगरीने तर कहर केला. मिस्त्रींनी एकतीस वर्षांत कपाटं-मांडण्यांशिवाय काही केलं नव्हतं. मगर मिळाल्यावर हा माणूस एकदम विशीतला झाला. जेवायचं विसरला. शेपटीवरचे खवले पटाशीने एकेक कोरले आणि जबड्याला बिजागरी लावली. दातांसाठी तिने घरी जाऊन जाडजूड प्राणीकोश काढला आणि मगरीला साठाच्या वर दात असतात हे शोधून आली. मिस्त्रींनी सहासष्ट बसवले. डॉक्टर बघायला आले, बोटाने एकेक दात मोजत गेले आणि म्हणाले, बत्तीस हवेत. मुलांना चुकीची माहिती जायला नको.

"पण मगरीला..." तिने सुरुवात केली.

"दातांचा डॉक्टर कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

मिस्त्रींनी चौतीस दात काढले. ती शेजारी स्टुलावर बसून मोजत होती. मध्येच दोघांना इतकं हसू आलं, की मिस्त्रींना चष्मा काढून पुसावा लागला. बुधवारनंतर त्या गाळ्यात पहिल्यांदाच कुणी हसत होतं.

नऊ दिवस राहिले, तेव्हा ती एकोणीस पानं घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी पानं उलटली, ‘जिच्यात कोणीही माणूस राहत नाही’ इथे थबकले, आणि म्हणाले, की हे मेहुण्यांना दाखवायला हवं. मेहुणे विमा कंपनीत होते. त्यांनी दोन दिवसांनी करार परत पाठवला तो एकतीस पानांचा. त्यात मगरीने कुणाला इजा केल्यास जबाबदारी सुतारखान्याची, असं एक कलम होतं. काका ते वाचून लाल झाले आणि उत्तर म्हणून आणखी सात पानं लिहायला बसले. दोन निवृत्त, नाही, एक निवृत्त आणि एक नोकरीतला, असे दोन गृहस्थ एका लाकडी मगरीवरून एकमेकांना पत्रं लिहू लागले. आई एवढंच म्हणाली, "यांच्या वेळी तोंडी चालायचं. आता कागदावर चालत नाही."

हे तिला फार लागलं. आई तिला बोलली नव्हती, नुसतं बोलली होती. पण लागलं.

सहा दिवस राहिले. काउंटर तीनदा बदलून झाला होता आणि खुद्द कपाटाचे तीन खण अजून व्हायचेच होते, ज्याच्यासाठी मुळात हे काम आलं होतं. मिस्त्री म्हणाले, की मालकांनी काढलेलं चित्र लागेल, मापं त्यावर आहेत. चित्रं खिळ्याला होती. तिने स्टूल ओढलं, गठ्ठा खाली काढला आणि बाकावर ठेवला. वरचा कागद उचलताना तो हाताला ओळखीचा लागला. जाड, पांढरा, झकास.

तिने तो उलटून पाहिला. मागे तिचा करार होता.

दुसरा उलटला. करार. तिसरा, दहावा, पंचविसावा. सहा वर्षांतले सहा मसुदे, त्यांच्या सगळ्या प्रती, आणि प्रत्येकीच्या पाठीवर वडिलांच्या पेन्सिलीने काढलेलं कुणाचं तरी कपाट. तिचे कान तापले. किती रात्री जागून लिहिलं होतं ते, एकेक शब्द पारखून. आणि त्यावर शिवणयंत्र. त्यावर मांजराची खिडकी. "कागद चांगला होता ना," मिस्त्री अपराध्यासारखे म्हणाले. "मालक म्हणायचे, पोरीने दिलाय, वाया कशाला घालवायचा."

तिला रडू यायला हवं होतं, पण राग येत होता. रागाच्या भरात तिने डॉक्टरांचं चित्र शोधून ताडकन बाकावर आपटलं, आणि मग तिथेच तिचा हात थांबला.

चित्रात बारा खणांचं कपाट होतं. शेजारी बाकं, बिनहातांची. बाकी काही नव्हतं. खाली डॉक्टरांची लफ्फेदार सही, तारखेसह.

तिने कागद उलटला. सहावा मसुदा. कलम दुसरं: काम म्हणजे सोबतच्या चित्रात दाखवलेलं, तेवढंच.

तिने पुन्हा उलटला. चित्र. पुन्हा उलटला. कलम. मिस्त्रींना वाटलं, पोरीचं काही बिनसलं. "मिस्त्री," ती म्हणाली, "बाबा सहा वर्षं गिऱ्हाइकांकडून माझ्या करारावर सह्या घेत होते. त्यांना माहीतच नव्हतं."

त्याच पावली दोघं काकांकडे गेली. काकांनी कागद खिडकीशी धरून दोन्ही बाजूंनी पाहिला, चष्मा बदलून पुन्हा पाहिला. मग अत्यंत गंभीरपणे म्हणाले, की पाठीमागची सही कोर्टात कितपत टिकेल हे कुणी सांगू शकत नाही. परंतु कोर्टापर्यंत जायची वेळ ज्याच्यावर यायची आहे, त्याला दाखवायला मात्र हा कागद उत्तम आहे. आणि हळूच म्हणाले, की तुझं दुसरं कलम वाईट नव्हतं गं. काकांच्या तोंडून हे म्हणजे पदकच.

ती तशीच दवाखान्यात गेली. नव्या दवाखान्यात अजून बसायला काहीच नव्हतं, कारण बाकं सुतारखान्यात होती. होती ती एकच खुर्ची, पेशंटची. डॉक्टर म्हणाले, "बसा ना." ती बसली. खुर्ची कसली, पलंगच तो. पाठ टेकताच पाय वर गेले आणि डोकं खाली आलं. डॉक्टरांनी सवयीने वरचा दिवा लावला. अशा अवस्थेत, छताकडे बघत, तिने आयुष्यातली पहिली धंद्याची बोलणी केली.

तिने आधी कागदाची चित्राची बाजू दाखवली. ही सही आपलीच ना? डॉक्टर म्हणाले, माझीच. मग तिने दुसरी बाजू दाखवली. डॉक्टरांनी वाचली. एकदम म्हणाले, हे मी कधी वाचलंच नव्हतं.

"बाबांनीही वाचलं नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून मी हे तुमच्यावर लादायला आलेली नाही. पण एक विचारू का? दात काढायच्या आधी तुम्ही पेशंटकडून काही लिहून घेता?"

"घेतोच की. कुठला दात, भूल कोणती, काय काय होऊ शकतं. नाही तर उद्या लोक म्हणतील, शेजारचाही काढायला सांगितला होता."

हे बोलून डॉक्टरांनी तो कागद पुन्हा वाचला. मग ते हसायला लागले, आणि खुर्चीचा दांडा दाबून त्यांनी तिला सरळ बसवलं. आता कुठे दोघं एका पातळीवर आली.

करार तिथेच लिहिला, भूल देण्याच्या संमतिपत्राच्या कोऱ्या बाजूवर. कपाट आणि बाकं, ठरल्याप्रमाणे. काउंटर आता आहे तसा, एक बाजू चौकोनी, जादा काम म्हणून वेगळा. मगर, बत्तीस दातांची, तीही जादा. चपलांची मांडणी एक तारखेनंतर. यापुढे काही सुचलं, तर आधी लिहायचं, दोघांनी सही करायची, मग हातोडा उचलायचा. अर्धं पान झालं. वाळवीचा उल्लेख नव्हता. डॉक्टरांनी सही केली आणि विचारलं, की मेहुण्यांच्या एकतीस पानांचं काय करायचं? ती म्हणाली, पाठकोरी आहेत, पाठवून द्या, आम्हाला चित्रं काढायला लागतात.

पुढचे पाच दिवस कसे गेले ते तिला सांगता येणार नाही. ती सँडपेपर घासायला शिकली, बोटं सोलून घेतली, पॉलिशचा डबा सांडून काकांच्या धोतराला सोनेरी कड आणली. काका रोज ‘सहज’ यायचे. आई डबा घेऊन यायची आणि तास दोन तास बसून राहायची. मिस्त्रींनी दहावा, अकरावा, बारावा खण केला. दहाव्यासाठी तीनदा रंधा मारला. ते दर वेळी तिच्याकडे बघायचे, ती काही चूक काढते का म्हणून. ती काढत नव्हती.

कपाटावर शेवटचा हात फिरवताना तिला तिसरा खण आठवला. तिने टेप घेऊन मूठ मोजली. मूठ बरोबर होती. जवळून पाहिलं, तर मुठीमागे जुनी दोन भोकं दिसली, त्याच लाकडाचे तुकडे घालून इतक्या सफाईने बुजवलेली, की बोट फिरवूनही कळू नयेत.

"त्याच दिवशी," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही गेल्यावर. मी म्हटलं, मालक, उद्या करू. तर म्हणाले, नको, ती उद्या येऊन पुन्हा मोजेल."

तिने टेप गुंडाळून ठेवली.

एक तारखेला सगळं दवाखान्यात लागलं. बाकं लागली, काउंटर लागला, आणि मगरीपुढे पहिल्याच तासात दोन मुलं तोंडाचा आ करून बसली. डॉक्टर खूष, त्यांची बायको खूष. मेहुणे मगरीपासून अंतर राखून उभे होते. आईने काकांना सांगितलं, की किल्ली द्यायची नाही, पण पाटीवर एक ओळ वाढवायची. काकांनी ती लगेच कागदावर उतरवून घेतली. वर तीच, ‘तुम्ही फक्त सांगा,’ आणि खाली, ‘आम्ही लिहून घेतो.’ परिशिष्ट जोडू का, असं ते विचारणार होते, पण आईने त्यांच्याकडे पाहिलं.

एवढ्यात आतून डॉक्टरांची हाक आली. ती धावतच आत गेली. मागोमाग मिस्त्री. डॉक्टर कपाटासमोर उभे होते, चेहरा गंभीर.

"यात बिघाड आहे," ते म्हणाले. "बघा. हा बंद केला, की तो उघडतो. तो बंद केला, की तिसराच. मी मघापासून बंद करतोय."

मिस्त्री बोलायला गेले, पण तिने त्यांना हाताने थांबवलं. हे तिचं काम होतं. तिने डॉक्टरांना सांगितलं, की हा बिघाड नाही. खण इतका नेमका बसलाय, की मागच्या हवेला सुटायला जागाच नाही. फट असती, तर हवा निमूट निघून गेली असती आणि कुठलाच खण हलला नसता. असं दहा कपाटांत एखादं जमतं. ही तक्रार करायची गोष्ट नाही डॉक्टर, लोकांना बोलावून दाखवायची आहे.

डॉक्टरांनी पाचवा खण पुन्हा मिटला. सहावा बाहेर आला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, आणि ते खरोखरच बायकोला बोलवायला बाहेर गेले. मिस्त्रीही गेले, कदाचित मुद्दाम.

खोलीत ती आणि कपाट. बाहेर मुलांचा गलका होता, कुणीतरी मगरीचे दात मोठ्याने मोजत होतं. तिने सगळे खण एका रेषेत केले. नजर सवयीने मुठींवरून फिरली, पहिली, दुसरी, तिसरी, बाराव्यापर्यंत. मग तिने तिसरा खण हळूच आत ढकलला. शेजारचा बोटभर बाहेर आला आणि थांबला.

"छान झालंय, बाबा," ती म्हणाली. "फार छान झालंय."